पोटाच्या चरबीतले पहारेकरी

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चालायला येणाऱ्यांसाठी अधूनमधून कुणीतरी शुगर तपासायचं टेबल मांडतं. बोटाला टोच, पट्टीवर थेंब, पाच सेकंदांत आकडा. मागच्या खेपेला आमच्यातल्या एका काकांचा उपाशीपोटीचा आकडा १४२ आला आणि काका भडकले. "माझं वजन ६२ किलो! दर रविवारी मिसळ हाणणारे ते ढेरपोटे सोडून मलाच कशी शुगर?"

काका हडकुळे, हे खरंच. हातपाय काड्यांसारखे. पण टी-शर्टाखाली पोटाचा छोटा माठ मात्र दिसत होता.

काकांच्या प्रश्नाचा एक धागा त्या थेंबातच होता, फक्त यंत्राला तो दिसत नाही. अशा पट्टीला जेमतेम एक मायक्रोलिटर रक्त लागतं. निरोगी माणसाच्या तेवढ्या रक्तात ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांतल्या काहीशे 'मोनोसाइट'. रक्तात त्या फिरतीवर असतात. एखाद्या अवयवात शिरल्या की तिथेच मुक्काम ठोकतात, अंगाने वाढतात, आणि मग त्यांना मॅक्रोफेज म्हणतात, म्हणजे भक्षक पेशी. जंतू गिळायचे, मेलेल्या पेशींचा कचरा उचलायचा, हे त्यांचं काम. चरबीतही त्यांचा पहारा असतो.

चरबी म्हणजे नुसता तुपाचा डबा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती गजबजलेली वस्ती आहे. सडपातळ माणसाच्या चरबीत दर शंभर पेशींमागे भक्षक पेशी दहाच्या आत असतात, त्याही शांत. 'नियामक टी' नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी त्यांना आवरून धरतात. लठ्ठपणात हे प्रमाण चाळीसच्या घरात जाऊ शकतं, असं २००३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. चरबीची पेशी फुगत जाते, तिला प्राणवायू पुरेनासा होतो, ती रासायनिक हाका मारते आणि मोनोसाइट धावत येतात. पेशी मेली तर पंचाईत आणखी मोठी. आतला तेलाचा थेंब भक्षक पेशीच्या कितीतरी पट मोठा, एका घासात गिळवत नाही. मग दहा-बाराजणी त्याभोवती कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मुकुटासारखं दिसतं.

असं कडं रशियन जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी फार पूर्वी पाहिलं होतं, वेगळ्या ठिकाणी. १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती पेशी जमलेल्या. (कधीकाळी गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं गाव, म्हणवणाऱ्या नाशकात ही गुलाबाची गोष्ट सांगताना मला उगाचच बरं वाटतं.)

चरबीत कडं केलेल्या भक्षक पेशी स्वस्थ बसत नाहीत. त्या टीएनएफ-अल्फासारखी दाह पेटवणारी रसायनं सोडतात. इन्सुलिनने पेशीच्या दारावर टकटक केली की आत निरोप पोचवणारी प्रथिनं असतात. ही रसायनं त्या निरोप्यांनाच अडवतात. साखर दाराबाहेर रक्तात तुंबते. व्हायरल तापात मधुमेह्यांची शुगर चढते, तीही काही अंशी अशाच वाटेने. तापात यामागे हिशेबही असावा: स्नायूंनी साखर कमी उचलायची, म्हणजे लढणाऱ्या पेशींना ती मिळते. ताप मात्र चार दिवसांत उतरतो. चरबीतला दाह अंग गरम न करता वर्षानुवर्षं धुमसत राहतो.

आणि हडकुळे काका? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडचे बरेच बारीक लोक वजनकाट्याला असे चकवतात. ही चरबी आतड्यांभोवती साठते तेव्हा जास्त छळते, आणि भक्षक पेशींची गर्दीही कातडीखालच्या चरबीपेक्षा तिथेच अधिक असते. म्हणून वजनापेक्षा कमरेची टेप मला जास्त विश्वासाची वाटते: आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०.

मग टीएनएफ बंद करणारं औषध द्यावं, झालं! तेही करून पाहिलं. मधुमेह्यांच्या साखरेत म्हणावा तसा फरक पडला नाही. ॲस्पिरिनच्या नात्यातल्या साल्सालेटने तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीए१सी ०.३७ ने उतरला, म्हणजे थोडकाच. उंदरात एक तार कापली की दिवा विझतो. माणसात तारांचं जंजाळ आहे. वजन उतरवल्यावर ही गर्दी पांगते खरी, पण हळूहळू.

हे सगळं मी काकांना दीड फेरीत सांगितलं. लॅबमध्ये जाऊन पुन्हा तपासून घ्या, असंही. काका थोडा वेळ गप्प चालले. मग म्हणाले, "त्या पेशी मोजायची टेस्ट असते का?"

"असते. पोटात सुई घालून चरबीचा तुकडा काढावा लागतो."

काकांनी टी-शर्ट खाली ओढला. "राहू दे. टेप आहे का तुझ्याकडे?"