गेटवे बसवला म्हणून जुना पीएलसी वेगवान होत नाही

'आरएस-485 ला गेटवे जोडला की जुना पीएलसी इथरनेटच्या वेगाने डेटा देतो,' असं सर्रास सांगितलं जातं. (पीएलसी म्हणजे यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर, आरएस-485 म्हणजे त्याची एकेक बिट पाठवणारी सिरियल लाइन, गेटवे म्हणजे ती लाइन इथरनेटला जोडणारं उपकरण.) पण गेटवेमागची सिरियल लाइन तीच राहते. हिशोब पाहा: मॉडबस आरटीयू (या लाइनवरची संवादाची पद्धत), 9600 बॉड (सेकंदाला 9600 बिट), इव्हन पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट), म्हणजे एका बाइटला 11 बिट. 10 होल्डिंग रजिस्टर (पीएलसीतले आकडे ठेवायचे कप्पे) वाचायला विनंती 8 बाइट, उत्तर 25. एवढ्यालाच सुमारे 38 मिलिसेकंद. दोन फ्रेमच्या (संदेशांच्या) मधले विराम आणि पीएलसीचा स्वतःचा वेळ वेगळा. लाइनवरचं एखादं उपकरण बंद असेल, तर टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मुदत) संपेपर्यंत बाकीची ताटकळतात. खरी रड बहुधा इथेच असते.

पडताळायला पिंग (नेटवर्कवर उपकरण पोचतंय का ते पाहणारा संदेश) नको, ते गेटवेपर्यंतच पोचतं. मॉडबसच्या प्रतिसादाचा वेळ मोजा. मग गेटवे आणि लाइनवरचं प्रत्येक उपकरण 19200 वर नेऊन पुन्हा मोजा.