उपसलेली वाळू पुराबरोबर परत येते का?

‘वाळू कितीही उपसा, एक पूर आला की पात्र पुन्हा भरतं.’ हे गावोगावी ऐकू येतं, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पावसाळ्यानंतर खड्डा बुजलेला दिसतोच.

पण तो कशाने बुजला, ते पाहायला हवं. नदी वाळू तयार करत नाही, वरून आणते. बारीक गाळ पाण्यात तरंगत लांब जातो. जाड वाळू मात्र तळाशी घरंगळत, उड्या मारत सरकते, तीही मुख्यतः पुराच्या दिवसांत. वाटेत धरण असलं की ती जलाशयाच्या तोंडाशीच बसते. गोदावरीवर जायकवाडी, भीमेवर उजनी. त्यांच्या खाली वाळू येणार ती उपनद्यांची किंवा पात्रात आधीच साचलेली. शिवाय आपला काळा बेसॉल्ट खडक झिजून चिकणमातीच जास्त देतो.

मग खड्ड्यात येतं ते काय? बराचसा गाळ, आणि आजूबाजूच्या तळाची, काठाची ढासळलेली वाळू. म्हणजे खड्डा भरतो, पण शेजारचं पात्र खचतं.

खात्री करायची तर बुजलेल्या खड्ड्यातली मूठभर माती काचेच्या बाटलीत पाणी घालून हलवा. वाळू मिनिटभरात तळ गाठते, गाळाला तास लागतात, चिकणमातीने पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच. जवळच्या जुन्या पुलाचे खांबही पाहा (काठावरूनच, डोहात उतरू नका): पाया उघडा पडला असेल, तर तळ किती खाली गेला याचा तिथेच अंदाज येतो.