पॅट्रिशो

पॅट्रिशो : वेल्सच्या आग्नेय भागातील ब्लॅक माउंटन्स डोंगररांगेत, ग्रॉइने व्हाउर नदीच्या खोऱ्यातील एका चढणीवर असलेले ख्रिस्ती तीर्थस्थान. ॲबरगॅव्हेनी या बाजाराच्या गावापासून उत्तरेला काही किलोमीटरवर, अरुंद आणि वळणावळणाच्या रस्त्याने येथे पोहोचता येते. ‘मर्थिर इशो’ म्हणजे हुतात्मा इशो यांचे स्थान, या जुन्या नावावरून आजचे नाव रूढ झाले.

या स्थानाचे मूळ चर्चमध्ये नसून पाण्यात आहे. परंपरेनुसार इशो हे केल्टिक काळातील संत येथील ओढ्याकाठी झोपडी बांधून एकांतात राहत आणि वाटसरूंना आसरा देत. ज्याला त्यांनी रात्रीपुरते घरात घेतले त्याच वाटसरूने त्यांचा खून केला. त्यानंतर त्यांच्या झऱ्याचे पाणी रोग बरे करते अशी श्रद्धा पसरून यात्रेकरू येऊ लागले. अकराव्या शतकाच्या आरंभी एका परदेशी यात्रेकरूचे महारोग या पाण्याने बरे झाले, तेव्हा त्याने कृतज्ञतेने थैलीभर सोने ठेवले आणि त्यातून वरचे चर्च उभे राहिले, अशी कथा सांगतात. म्हणूनच येथे येणाऱ्याने आधी झऱ्यावर जावे आणि मग चढण चढून चर्चकडे वळावे. या दोन वास्तूंचे नाते त्याच क्रमाने कळते.

पवित्र विहीर म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर रहाट आणि पायऱ्या येतील, पण येथे तसे काही नाही. चर्चच्या खाली, रस्त्याच्या तीव्र वळणाशी ‘नांट मायर’ म्हणजे मेरीचा ओढा वाहतो; त्याच्या काठी दगड रचून केलेल्या, गुडघे टेकून वाकावे लागेल एवढ्या लहानशा कोनाड्यात हा झरा आहे. भाविक येथे नाणी ठेवतात, काटक्या बांधून केलेले क्रूस ठेवतात आणि जवळच्या फांद्यांना चिंध्या व फिती बांधतात. जवळच्या एका दगडावर क्रूस कोरलेला असून तो यात्रेकरूंना वाट दाखवण्यासाठी होता असे मानतात.

लँडॅफचे बिशप हेरेवाल्ड यांनी १०६० च्या सुमारास या चर्चची प्रतिष्ठापना केली. त्या काळातील एक वस्तू आजही आत आहे : बाप्तिस्म्याचे दगडी कुंड. त्याच्या कडेवर लॅटिनमध्ये ‘मेन्हिर याने मला गेनिलिनच्या काळात घडवले’ असे कोरलेले आहे. गेनिलिन हा त्या प्रदेशाचा सरदार होता. स्वतःचे नाव दगडावर ठेवणारा त्या काळातला कारागीर विरळाच. कुंड स्वतःच बोलत असल्यासारखी ही ओळ वाचताना नऊशे वर्षांहून अधिक काळाचे अंतर क्षणभर उरत नाही.

चर्चच्या पश्चिम टोकाला ‘एग्लुइस इ बेद’ म्हणजे कबरीचे चर्च नावाची स्वतंत्र खोली असून इशो यांचे दफन तेथेच झाले असे मानतात. तिच्यातील दगडी वेदीवर एरवीच्या पाचऐवजी सहा क्रूस कोरलेले आहेत.

या चर्चची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे १५०० च्या सुमारास घडवलेला ओक लाकडाचा पडदा. भक्तांचा मंडप आणि वेदीचा भाग यांच्यामध्ये तो उभा असून त्यावरील सज्जासह टिकला आहे. त्याच्या आडव्या तुळईवर एक ड्रॅगन द्राक्षवेल तोंडात धरून आहे. वेल हे ख्रिस्ताचे आणि ड्रॅगन हे दुष्टाचे प्रतीक मानले जाते. लाकडात इतके बारीक जाळीकाम आहे की जवळ गेल्यावर ते विणल्यासारखे वाटते. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात इंग्लंड-वेल्समधील असे बहुतेक सज्जे उतरवण्यात आले. पॅट्रिशोचा सज्जा वाचला तो मुख्यतः स्थानाच्या आडबाजूपणामुळे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या दगडी वेदीही तशाच राहिल्या आहेत, ही दुर्मीळ गोष्ट होय. पश्चिमेच्या भिंतीवर वाळूचे घड्याळ, विळा आणि फावडे घेतलेला मृत्यूचा सांगाडा रंगवलेला आहे. कितीही वेळा चुना दिला तरी तो पुन्हा वर येतो, अशी स्थानिक समजूत आहे. १९०८ मध्ये डब्ल्यू. डी. कॅरो या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली चर्चची डागडुजी झाली. ती करताना त्यांनी जुने शक्य तितके जपले.

आवारात प्रवचनाचा क्रूस आहे. तिसऱ्या धर्मयुद्धासाठी लोकांना आवाहन करत ११८८ मध्ये वेल्समधून फिरलेले कँटरबरीचे आर्चबिशप बाल्डविन या क्रूसापाशी बोलले, अशी परंपरा आहे. त्यांचे सहप्रवासी, वेल्सचे धर्मगुरू व लेखक जेराल्ड यांनी या खोऱ्यातील अरुंद, झाडीने भरलेल्या वाटेचे वर्णन केले आहे. चर्चच्या दक्षिण भिंतीला लागून बाहेर दगडी बाक आहेत. क्रूसापाशी उभ्या असलेल्या प्रवचनकाराला ऐकण्यासाठी लोक त्यांवर बसत, आणि चढण चढून आलेले आजचे यात्रेकरूही तेथेच टेकतात.