पार्श्वभूमी : ‘होय’चे बहुमत, पण नावे कोणाची?

अधिवेशन संपत आले की महाराष्ट्र विधानसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर विधेयकांची गर्दी होते. मंत्री ‘विधेयक विचारात घ्यावे’ असा प्रस्ताव मांडतात, चार-सहा भाषणे होतात, विधेयकाचे खंड, म्हणजे कलमे, एकामागून एक पुकारले जातात. मग पीठासीन अधिकारी विचारतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’. दोन्हीकडून आवाज उठतात आणि विधेयक संमत झाल्याची घोषणा होते. कोणता आमदार काय म्हणाला, हे कामकाजाच्या नोंदीत नावानिशी येत नाही.

राज्यघटनेचा अनुच्छेद १८९ सांगतो की निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने व्हावा. ते बहुमत मोजायचे कसे, हे तो सांगत नाही. कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार अनुच्छेद २०८ ने सभागृहालाच दिला आहे. आवाजी कौल मान्य नसेल तर सदस्य मतविभाजन, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मतांची मोजणी, मागू शकतो. सभागृहाच्या भाषेत, पोल मागतो. सभात्याग करणारे मात्र या हिशेबातूनच बाहेर पडतात. निषेध नोंदवला जातो, विरोधी मत नाही.

आजच्या विधिमंडळाचे मूळ असलेले मुंबई प्रांताचे कायदेमंडळ १८६२ पासूनचे. तेव्हा सगळे सदस्य नियुक्त असत. १८९२ च्या कायद्याने अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा मिळाली, पण त्यावर मत देण्याची नाही. १९३७ मध्ये दोन सभागृहे आली.

खरा वाद अलीकडचा आहे. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली आणि पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास आमदारकी जाण्याची तरतूद झाली. नावानिशी मतदान झाले तर कोण कुठे उभा राहिला हे सिद्ध होते. आवाजी मतदानात तसा पुरावा उरत नाही. आवाजी मतदान सत्ताधाऱ्यांइतकेच विरोधकांनाही सोयीचे पडते, त्याचे एक कारण हे आहे.

१२ नोव्हेंबर २०१४ चा दिवस इथे विसरून चालणार नाही. २८८ जणांच्या सभागृहात बहुमताला १४५ लागतात. सत्तेवर बसलेल्या सर्वात मोठ्या पक्षाचे १२२ आमदार निवडून आले होते. ६३ जागा मिळवणारा जुना मित्रपक्ष विरोधात बसला होता आणि ४१ जागांच्या एका पक्षाने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. त्याच दिवशी नवे अध्यक्ष निवडले गेले आणि विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर झाले. विरोधकांनी मतविभाजन मागितले. ठराव संमत झाला आहे, आता मागणी करता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. मागणी वेळेत होती की उशिरा, यावर दोन्ही बाजू अजून आपापल्या मतावर ठाम आहेत. पण पाठिंबा बाहेरचा होता आणि तो किती जणांचा, हाच प्रश्न होता. अशा वेळी माणसे मोजणे हाच सरळ मार्ग होता. नियमाचा काटेकोर अर्थ काहीही निघो, सरकारच्या अस्तित्वाचा कौल मोजल्याविना घेतला गेला, हे खटकते.

२०१९ मध्ये चित्र बदलले. विश्वासमत खुल्या मतदानाने घ्यावे आणि त्याचे थेट प्रक्षेपण व्हावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला दिला. जुलै २०२२ मध्ये अध्यक्षाची निवड शिरगणतीने झाली. एकेक आमदार जागेवर उभा राहून मोजला गेला आणि १६४ विरुद्ध १०७ असा आकडा निघाला. दुसऱ्या दिवशी विश्वासमतालाही तीच पद्धत वापरली गेली.

विधेयकांपर्यंत ही शिस्त पोहोचली नाही. २० फेब्रुवारी २०२४ ला एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारे विधेयक एकमताने संमत झाले. तिथे मोजण्याची गरज कोणाला भासली नाही, ते समजण्यासारखे आहे. बेकायदेशीर कृत्ये करणाऱ्या व्यक्ती व संघटनांविरोधातील विशेष जनसुरक्षा विधेयकाचे तसे नव्हते. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे त्यावर हजारो सूचना व हरकती आल्या होत्या. १० जुलै २०२५ ला विधानसभेने तेही आवाजी मतदानानेच संमत केले. उघड विरोध डाव्या पक्षाच्या एका आमदाराचा होता. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तिथेही ते संमत झाले. या विधेयकाला आपल्या आमदाराचा होकार होता का, हे एखाद्या मतदाराला तपासायचे असेल, तर त्याच्या हाती भाषणे येतात. मताची नोंद येत नाही.