गाडी सुरू होते म्हणजे फ्युएल फिल्टर ठीक आहे?

‘सेल्फ मारला की गाडी लगेच सुरू होते ना, मग फ्युएल फिल्टर चांगलाच आहे’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. समज पटण्यासारखा आहे, कारण इंधनातला कचरा अडवणारा हा फिल्टर पार चोंदला तर इंजिन खरंच सुरू होत नाही. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तो त्रास देऊ लागतो.

उभ्या गाडीच्या इंजिनाला इंधन अगदी थोडं लागतं. अर्धवट चोंदलेल्या फिल्टरमधूनही तेवढं सहज जातं. खंबाटकी घाटाचा चढ, गाडीत पाच माणसं, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला, अशा वेळी मागणी कित्येक पटींनी वाढते आणि तिथेच गाडी हिसके देते, ओढत नाही. पाय थोडा सैल केला की परत सुरळीत. ही खूण लक्षात ठेवाच.

मात्र फ्युएल पंप किंवा इग्निशन कॉइल (पेट्रोल इंजिनात ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बिघडली तरी असंच होऊ शकतं. म्हणून मेकॅनिककडून फ्युएल प्रेशर मोजून घ्या, नुसत्या आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) नव्हे, गाडी लोडवर, म्हणजे इंजिनावर ताण असताना. डिझेल गाडी असेल तर फिल्टरच्या तळाच्या स्क्रूमधून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढायला सांगा. त्यात पाणी असेल तर ते थोड्या वेळात तळाशी वेगळं बसलेलं दिसतं. बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीतच, पंपासोबत असतो. तो घरी उघडू नका.