पायाभूत चाचणी आली कुठून?

शाळा सुरू होऊन जरा कुठे बस्तान बसतंय तोवर पायाभूत चाचणी, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीची राज्यभरची परीक्षा, येते, मग पेपर तपासा, मार्क भरा, आणि नवीन लागलेले सर विचारतात की हे सुरू कुणी केलं. तर त्याची ही थोडी मागची गोष्ट.

मुलांचे मार्क मोजायचे आणि त्यावरून काहीतरी ठरवायचं हे काही नवं नाही. इंग्लंडमध्ये 1862 पासून निकाल बघून शाळांना पैसे द्यायची पद्धत होती, इन्स्पेक्टर येऊन वाचन, लेखन, गणित तपासायचा आणि पास पोरांच्या हिशोबात अनुदान. तीच पद्धत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही लागली. परिणाम काय तर घोकंपट्टी, दुसरं काय होणार! म्हणजे आकडे होते, पण ते साहेबांसाठी, त्यावरून उद्याच्या तासाला काय शिकवायचं ते कोणी ठरवत नव्हतं.

ते खऱ्या अर्थाने ठरवायला लागली ती माझ्या मते 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची मंडळी. मुंबईच्या वस्त्यांमध्ये 1990 च्या दशकात काम सुरू झालं, मग मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत बालसखी आली, म्हणजे वस्तीतलीच एखादी मुलगी मागे पडलेल्या पोरांना रोज दोनेक तास वेगळं बसवून शिकवायची. ज्यांना 2019 चं नोबेल मिळालं त्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी हा प्रयोग मोजला आणि पोरं खरंच पुढे सरकलेली दिसली.

2005 मध्ये 'प्रथम'चंच 'असर' आलं, म्हणजे घरोघरी जाऊन मुलांचं वाचन-गणित बघायची पाहणी. एक कागद, त्यावर अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. पोराला शेजारी बसवायचं, वाचायला सांगायचं, पाच-दहा मिनिटांत कळतं गाडी कुठे अडलीये. गणिताचंही तसंच, समजा 46 मधून 29 वजा करायला दिले आणि पोराने 23 लिहिलं तर त्याला वजाबाकी येते हो, फक्त हातचा कळलेला नाही म्हणून नऊतून सहा काढून मोकळा झालाय. त्याला दशक सोडवून काड्या हातात द्यायच्या, वजाबाकीचा सगळा धडा परत घ्यायची गरज नाही.

सरकारी बाजूला आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, 2010 ला लागू झाला, सोबत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं, संकलित म्हणजे सत्राच्या शेवटचं, आणि वर्णनात्मक नोंदी. कल्पना चांगली होती पण नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली आणि 'विशेष प्रगती'च्या रकान्यात अख्ख्या वर्गाची अक्षरं वळणदार झाली 😄 मग 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम, मुलांची माहिती भरायचं 'सरल' पोर्टल, आणि पायाभूत चाचणी राज्यभर. 2021 ला लहान वर्गांच्या वाचन-गणितासाठी केंद्र सरकारचं निपुण भारत, आणि अलीकडे 'पॅट', म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या चाचण्या, पायाभूत त्यातलीच एक, मार्क चॅटबॉटवर.

पायाभूत म्हणजे खरं तर आधीच्या इयत्तेचं काय आलं ते बघायची चाचणी, तिच्यावर निकाल लावायचाच नाहीये. पण केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारणा होते ती किती शाळांचं भरून झालं याची. त्या 23 वाल्या पोराचा शून्य मार्क मुदतीत वर जातो, 23 मात्र उत्तरपत्रिकेसोबत कपाटात.