प्रवाहापेक्षा हळू जाणारी होडी

मे १८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल नऊ साथीदार आणि चार होड्या घेऊन अमेरिकेतल्या ग्रीन नदीतून कोलोरॅडोच्या दऱ्यांकडे निघाला. होड्या दणकट होत्या, पण घडण शांत पाण्याची. वल्हेकरी रिवाजाप्रमाणे जायच्या दिशेला पाठ करून बसलेले. खडक मागून येतोय, आणि वल्ह्याच्या प्रत्येक ओढीने त्याच्याकडे जायचा वेग वाढतोय! जूनमध्ये लोडोर दरीत त्यातली एक होडी फुटली.

१८९० च्या दशकात युटातला शिकारी नॅथॅनियल गॅलोवे प्रवाह जातो त्या दिशेला तोंड करून बसू लागला आणि उलट्या दिशेने, म्हणजे खडकापासून दूर, वल्ही ओढू लागला. बदल बसण्यातला, पण त्यानेच नदीतल्या होडीचा घाट ठरवला. हिशेब करून पाहा. प्रवाह सेकंदाला २ मीटर, वल्हेकऱ्याचा वेग सेकंदाला दीड मीटर, आणि होडी प्रवाहाशी ४५ अंशांत तिरपी. प्रवाहाविरुद्ध ओढली तर १० मीटर बाजूला सरकेपर्यंत होडी सुमारे ९ मीटर खाली वाहते. प्रवाहाच्या दिशेने वल्हवली, तर तेवढ्यासाठी २९ मीटर. पुढचा खडक पंचवीस मीटरवर असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

तेव्हा या होडीला पळायचे नसते, झटकन वळायचे असते. ओरेगॉनमधल्या मॅकेंझी नदीवरच्या कारागिरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तशी डोरी घडवली: सपाट बूड, बाहेर कललेल्या बाजू आणि बुडाला लांबीच्या दिशेने बाक, ज्याला रॉकर म्हणतात. बाकामुळे मधला भागच खोल बसतो आणि दोन्ही टोके उचललेली राहतात. त्यामुळे होडी जागच्या जागी फिरते. किंमतही मोजावी लागते. धरणाच्या जलाशयात वाऱ्यावर हीच होडी सरळ जाता जात नाही. ज्याला तलावात फिरायचे आहे त्याने डोरीच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा बाक येतो कुठून? जाड कागदाच्या दोन सरळ, सारख्या पट्ट्या कापा. टोके एकमेकांना चिकटवा. मध्ये आडवा पुठ्ठा घालून पट्ट्या फाका, पण वरच्या कडा खालच्यांपेक्षा जास्त फाकलेल्या ठेवा. आता हे टेबलावर ठेवा. खालची कड सरळ कापली होती, तरी दोन्ही टोके उचललेली दिसतील. कलती बाजू हा उलट्या शंकूचा तुकडा असतो, आणि शंकूवर गुंडाळलेली सरळ रेषा टोकांकडे वर चढत जाते. बाजू जितक्या कलत्या, तितका बाक जास्त. प्लायवूडही कागदासारखाच एका वेळी एकाच दिशेने वाकतो, म्हणून घरी होडी करणाऱ्याने आधी पुठ्ठ्याचे मॉडेल करावे. तिथे सुरकुती पडली तर प्लायही रुसणार.

प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २.४४ मीटर लांब. साडेचार मीटरच्या होडीसाठी दोन ताव जोडायचे तर कडा रंध्याने तिरप्या तासून एकमेकींवर चिकटवतात. उतार जाडीच्या आठपट धरतात, म्हणजे ६ मिलिमीटरच्या प्लायला ४८ मिलिमीटर. प्लाय मरीनच, म्हणजे पाण्यात टिकणारा घ्यावा, भारतीय मानक ७१० चा. कापलेल्या कडेत पोकळी दिसली तर तो ताव परत करा, कारण पाणी तिथूनच शिरते.

मग कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने तुकडे शिवायचे, आतल्या कोपऱ्यात लाकडाचा भुसा कालवलेले इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणारा गोंद) भरायचे, वर काचतंतूची पट्टी बसवायची. हे तंत्र १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या मिरर डिंगी या छोट्या शिडाच्या होडीमुळे घरोघरी पोचले. गोव्यात बांधलेली, २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेली कौंडिण्य ही शिडाची नौकाही शिवलेलीच, पण तिथे काथ्याची शिवण हाच कायमचा सांधा. इथे तार तात्पुरती. भार इपॉक्सी पेलते. एक सावधगिरी: इपॉक्सी घट्ट होताना तापते. खोल डब्यात ठेवली तर उन्हाळ्यात हातातच धुमसू लागते, म्हणून पसरट ताटलीत थोडी थोडी कालवावी.

रुंदीत मात्र कंजूषी नको. उभे राहताना होडी किती डुचमळते, ते पाण्याच्या पातळीवरच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असते. रुंदी १० टक्के वाढवली की तो आधार ३३ टक्क्यांनी वाढतो. बाजू कलत्या असल्याने होडी एकीकडे झुकली की तिकडे जास्त रुंदी पाण्यात उतरते आणि तिला सावरते.

होडी, माणसे, सामान मिळून २७० किलो धरले, तर आर्किमिडीजच्या नियमाने २७० लिटर पाणी बाजूला सरले पाहिजे. तीन चौरस मीटर बूड पाण्यात असेल तर सरासरी खोली ९ सेंटिमीटर येते. बाकामुळे मध्ये थोडी जास्त. हे वजन मागे-पुढे झाले की टोक बुडते आणि वळणे जड होते. त्यामुळे आसने आधीच ठोकून टाकू नयेत. लाइफ जॅकेट घालून, शांत पाण्यात, सामानासह बसून पाहावे, दोन्ही टोके सारखी उचललेली दिसेपर्यंत फळ्या सरकवाव्यात, पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि मगच स्क्रू मारावेत.